वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर दोन मॉनिटर, दोन रिझोल्यूशन

प्रश्न : मी भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामे घरून करते. माझ्या लॅपटॉपचा पडदा १४ इंची असून त्याचे रिझोल्यूशन २८८०×१८०० आहे. त्याला मी १९२०×१०८० रिझोल्यूशनचा २४ इंची मॉनिटर जोडला आहे. संगणकावर लिनक्सची उबुंटू २४.०४ ही आवृत्ती आहे. लॅपटॉपवरची अक्षरे इतकी बारीक दिसतात की वाचता येत नाहीत, आणि स्केल (अक्षरे व चिन्हे किती पट मोठी काढायची ते प्रमाण) २०० टक्के केले की मॉनिटरवरची अक्षरे दुकानाच्या पाटीएवढी होतात. शेवटी मी लॅपटॉपचे रिझोल्यूशन कमी करून १९२०×१२०० केले. अक्षरे मोठी झाली खरी, पण शिरोरेषा धूसर झाल्या आणि रफार कोणता, अनुस्वार कोणता हे ओळखताना डोळ्यांना ताण पडू लागला. लॉग-इन करताना खाली 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' असे दिसते. ज्यांनी संगणक बसवून दिला त्यांनी ते निवडून ठेवले आहे. यावर उपाय काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वांत आधी लॅपटॉपचे रिझोल्यूशन पुन्हा २८८०×१८०० करून ठेवावे. सपाट पडद्यावरचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, कारखान्यातच ठरलेले असतात, त्यांची संख्या सेटिंग बदलून बदलत नाही. आपण १९२०×१२०० निवडले तेव्हा संगणकाने त्या मापाचे चित्र काढले आणि ते २८८०×१८०० पिक्सेलांवर ताणून बसवले. म्हणजे चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला आडवे दीड आणि उभे दीड पिक्सेल आले. एक पिक्सेल जाडीची शिरोरेषा दीड पिक्सेलवर उतरवायची, तर अर्धा पिक्सेल काळाही राहत नाही आणि पांढराही राहत नाही, तो करडा होतो. रोमन अक्षरांत हा दोष थोडाफार झाकला जातो. देवनागरीत मात्र प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून एक सलग आडवी रेषा जाते, त्यामुळे तो ओळीगणिक डोळ्यांसमोर येतो. अक्षर मोठे करण्यासाठी रिझोल्यूशन उतरवणे हा उपाय फार प्रचलित आहे, आणि माझ्या मते तो एकदाही करू नये. अक्षराचा आकार स्केलने बदलावा, रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापावरच राहू द्यावे.

आता दोन पडद्यांत विसंगती का येते, ते पाहू. तिचे कारण रिझोल्यूशनमध्ये नाही, घनतेत आहे, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसवले आहेत त्यात आहे. आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर इंचाला सुमारे २४३ पिक्सेल आहेत आणि मॉनिटरवर सुमारे ९२. छापील पानावरचे १२ पॉइंटचे अक्षर इंचाच्या सहाव्या भागाएवढ्या उंचीच्या चौकटीत बसते. ती चौकट मॉनिटरवर जेमतेम १५ पिक्सेलची होते, तर लॅपटॉपवर ती ४० पिक्सेलची असते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, हे सगळे १५ पिक्सेलांत सामावायचे असेल तर दाटी होणारच. म्हणून मुद्रितशोधनाचे पान लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवावे आणि संदर्भ, कोश, पत्रव्यवहार मॉनिटरवर ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बहुतेक जण मोठा पडदा वाचनाचा आणि लहान पडदा इतर कामांचा मानतात, परंतु आपल्या जोडीत नेमके उलट करणे डोळ्यांच्या हिताचे आहे.

घनता वेगळी असेल तर दोन्ही पडद्यांना वेगवेगळे स्केल हवे, आणि आपली मुख्य अडचण इथेच आहे. आपण ज्या एक्सऑर्गवर काम करता, त्याच्या मुळाशी असलेली एक्स-११ ही पडद्यावर विंडो दाखवणारी व्यवस्था १९८७ सालची आहे. ती जोडलेले सगळे मॉनिटर एकाच मोठ्या कागदावर शेजारी शेजारी आखलेल्या चौकटींसारखे धरते, आणि त्या संपूर्ण कागदाची घनता एकच आहे असे प्रोग्रॅमना सांगते. मॉनिटर चालू असताना जोडता आणि मांडता यावेत याची सोय तिच्यात २००७ साली आली, पण 'ही विंडो आता दुसऱ्या घनतेच्या पडद्यावर गेली आहे, तेव्हा अक्षरे नव्या मापाने काढ' असे प्रोग्रॅमला सांगण्याचा सर्वमान्य मार्ग तिच्यात नव्हता. म्हणूनच आपण २०० टक्के निवडले की दोन्ही पडदे २०० टक्के होतात.

वेलँड ही नवी व्यवस्था क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केली. तिच्यात प्रत्येक मॉनिटरचे स्केल स्वतंत्र असते, आणि विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढून नेली की ती नव्या स्केलने पुन्हा काढली जाते. आपल्या उबुंटूत वेलँड आधीपासूनच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. लॉग-आउट करावे, आपल्या नावावर क्लिक करावे, आणि पासवर्ड विचारला जाईल त्या वेळी उजव्या कोपऱ्यात खाली दिसणाऱ्या दातेरी चक्राच्या चिन्हातून नुसते 'उबुंटू' निवडावे. आत आल्यावर सेटिंग्जमधील 'डिस्प्लेज' या भागात लॅपटॉपला २०० टक्के आणि मॉनिटरला १०० टक्के द्यावे. आपण वेलँडवर आलो की नाही, हे सेटिंग्जमधील 'अबाउट' भागात संगणकाचा सविस्तर तपशील उघडला की 'विंडोइंग सिस्टिम' या शब्दांपुढे दिसते.

२०० आणि १०० हे आकडे अंदाजाने दिलेले नाहीत. २०० टक्के स्केलवर लॅपटॉपचा पडदा १४४०×९०० सारखा वागतो, म्हणजे त्याची घनता इंचाला १२१ असल्यासारखी होते. मॉनिटरची ९२ आहे. त्यामुळे पट्टीने मोजले तर लॅपटॉपवरचे अक्षर मॉनिटरवरच्या अक्षराच्या सुमारे तीन चतुर्थांश भरेल. पण लॅपटॉप आपण साधारण ५० सेंटिमीटरवर ठेवतो आणि मॉनिटर ६५ सेंटिमीटरवर. हे अंतर धरले की दोन्ही अक्षरे डोळ्याला जवळजवळ सारखीच दिसतात. शिवाय दोन्ही आकडे पूर्ण पटीतले असल्याने शिरोरेषा कुठेही दीड पिक्सेलवर येत नाही. १२५, १५० आणि १७५ टक्क्यांची सोय 'फ्रॅक्शनल स्केलिंग' हे बटण चालू केल्यावर मिळते, परंतु आपल्याला तिची गरज नाही, आणि गरज नसताना ती घेऊ नये.

एक गोष्ट मात्र तपासून पाहावी लागेल. जे प्रोग्रॅम अजून एक्स-११ साठीच लिहिलेले आहेत, ते वेलँडमध्ये एक्सवेलँड या मधल्या पुलावरून चालतात, आणि दोन स्केलांच्या मांडणीत ते एखाद्या पडद्यावर धूसर किंवा भलत्याच मापाचे दिसू शकतात. असा प्रोग्रॅम ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. 'एक्सआइज' हा जुना छोटा प्रोग्रॅम सुरू करावा, त्यात दोन डोळे दिसतात. कर्सर एक्सवेलँडवर चालणाऱ्या विंडोवरून फिरवला की ते डोळे त्याच्यामागे फिरतात, आणि खऱ्या वेलँड विंडोवर कर्सर गेला की ते जागच्या जागी थांबतात. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ मधील १२१ व्या आवृत्तीपासून वेलँडवर आपसूक चालतो. कोश आणि संदर्भ ब्राउझरमध्येच पाहत असाल तर तिथे अडचण येऊ नये.

काही कारणाने एक्सऑर्गवरच राहणे भाग असेल, उदाहरणार्थ एखादे जुने सॉफ्टवेअर वेलँडवर चालतच नसेल, तर एक तडजोड आहे. दोन्ही पडद्यांचे स्केल २०० टक्के ठेवावे आणि 'एक्सरँडआर' या आज्ञेने बाहेरच्या मॉनिटरला '२×२' असे प्रमाण द्यावे. (ही आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या विंडोत, रोमन लिपीत, लहान अक्षरांत xrandr अशी लिहावी लागते. ती नुसती दिली तर जोडलेल्या पडद्यांची नावे आणि त्यांची रिझोल्यूशने दाखवते.) मग संगणक त्या मॉनिटरसाठी ३८४०×२१६० चे चित्र काढतो आणि ते निम्मे करून १९२०×१०८० मध्ये बसवतो. मॉनिटर डावीकडे असेल तर लॅपटॉपच्या पडद्याचे स्थान ठरवताना आडवे अंतर १९२० नव्हे, ३८४० द्यावे लागते. ही चूक बरेच जण करतात आणि मग दोन्ही पडद्यांवरचे चित्र एकमेकांवर चढलेले दिसते. ही युक्ती चालते, पण तिची किंमत मोजावी लागते. कागद ६७२०×२१६० एवढा, म्हणजे सुमारे १ कोटी ४५ लाख पिक्सेलांचा होतो, आणि खऱ्या दोन पडद्यांवर मिळून सुमारे ७२ लाख ५८ हजारच पिक्सेल आहेत. दुप्पट चित्र काढण्याचे काम ग्राफिक्सवर पडते, लॅपटॉप तापतो, बॅटरी लवकर उतरते. निम्मे करताना मॉनिटरवरचे अक्षर किंचित मऊही होते. शिवाय उबुंटू २५.१० पासून मुख्य डेस्कटॉपसाठी एक्सऑर्गचा पर्याय काढून टाकला आहे. तेव्हा आजची सवय उद्या मोडावीच लागणार असेल, तर ती आताच मोडणे मला श्रेयस्कर वाटते.

प्रश्न : माझ्याकडे १४ इंची, १९२०×१०८० चा लॅपटॉप असून त्यावर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती आहे. नवा २७ इंची फोर-के मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला. एका पडद्याचे रिझोल्यूशन दुसऱ्याच्या चौपट असल्यामुळे मी मॉनिटरला २०० टक्के आणि लॅपटॉपला १०० टक्के स्केल दिले, तरी आकार जुळत नाहीत. शिवाय मॉनिटरच्या खालच्या भागातून कर्सर लॅपटॉपकडे नेताना तो मध्येच अडतो आणि एकूणच जड चालतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले गणित रिझोल्यूशनवर आधारलेले आहे आणि तिथेच घोटाळा झाला आहे. फोर-के म्हणजे ३८४०×२१६०. २७ इंचांत ते पसरले की इंचाला सुमारे १६३ पिक्सेल येतात. आपल्या लॅपटॉपचे १९२०×१०८० हे १४ इंचांतच असल्याने तिथेही इंचाला सुमारे १५७ पिक्सेल आहेत. पिक्सेलांची एकूण संख्या चौपट आहे, घनता मात्र जवळजवळ सारखी आहे. म्हणून दोन्ही पडद्यांना एकच स्केल हवे. वरच्या प्रश्नातील वाचकांसाठी एक्स-११ ची 'सर्वांना एकच घनता' ही मर्यादा अडसर होती. आपल्या जोडीला ती अजिबात जाचणार नाही, हे आपले सुदैव आहे.

मिंटमध्ये १२५ किंवा १५० टक्क्यांची सोय २०२० सालच्या सिनॅमन ४.६ पासून आहे, आणि 'डिस्प्ले'च्या सेटिंगमध्ये ती चालू करता येते. तरीही मी आपल्याला दुसरा मार्ग सुचवतो. १५० टक्के निवडले की चित्र आधी २०० टक्क्यांनी काढले जाते आणि मग लहान करून पडद्यावर बसवले जाते. आपल्या फोर-के मॉनिटरसाठी ते ५१२०×२८८० चे काढून ३८४०×२१६० मध्ये आणले जाईल. त्याऐवजी दोन्ही पडद्यांचे स्केल १०० टक्केच ठेवावे आणि 'फाँट सिलेक्शन'मध्ये जाऊन 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' १.४ च्या आसपास न्यावा. या मार्गाने अक्षरे लहानमोठी करून ताणली जात नाहीत, ती मुळातच मोठ्या मापाने काढली जातात आणि म्हणून ठसठशीत दिसतात. खालच्या पट्टीची उंची आणि तिच्यावरच्या चिन्हांचा आकार वेगळा वाढवावा लागतो, पण ते काम एकदाच करायचे आहे.

कर्सर अडण्याचे कारण 'डिस्प्ले'च्या सेटिंगमध्ये दोन चौकटी कशा मांडल्या आहेत ते पाहिले की लगेच कळेल. लॅपटॉपची चौकट १०८० पिक्सेल उंच आहे आणि मॉनिटरची २१६०. दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत असतील, तर लॅपटॉपची कड मॉनिटरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला चिकटते. खालच्या अर्ध्या भागाच्या शेजारी काहीच नसते, तिथे कर्सरसाठी भिंत असते. चौकटी माउसने ओढून त्यांच्या खालच्या कडा जुळवाव्यात, किंवा टेबलावर लॅपटॉप जेवढा उंच असेल त्या उंचीला त्याची चौकट आणावी. घनता सारखी असल्यामुळे आपल्या बाबतीत ही आकृती टेबलाचा जवळजवळ खरा नकाशा ठरते. मॉनिटरचा पडदा प्रत्यक्षात सुमारे ३४ सेंटिमीटर उंच आहे आणि लॅपटॉपचा सुमारे १७.

कर्सर जड चालणे हा निराळा दोष आहे आणि बहुधा तो केबलच्या मार्गात आहे. त्याच सेटिंगमध्ये 'रिफ्रेश रेट' पाहावा. तो ३० दिसत असेल तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आहे, आणि कर्सरच्या हालचालीत हे लगेच जाणवते. एचडीएमआय १.४ या २००९ सालच्या प्रमाणात फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळांपर्यंतच जाते. ६० ची सोय २०१३ सालच्या एचडीएमआय २.० मध्ये झाली. लॅपटॉपचा जोड, केबल आणि मॉनिटरचा जोड या तिन्हींपैकी एक जरी जुना असला तरी सगळी जोडणी ३० वर येते. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल, किंवा चित्र पाठवू शकणारा टाइप-सी जोड असेल, तर तिथून थेट मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये केबल लावावी. टाइप-सीमधून एचडीएमआय काढणारे स्वस्त तुकडे घेताना वेष्टनावर फोर-के बरोबर ६० हर्ट्झ लिहिले आहे का, ते वाचूनच घ्यावे. नुसते 'फोर-के' लिहिलेले तुकडे पुष्कळदा ३० वरच थांबतात.

प्रश्न : आमच्या वाचनालयात लिनक्सच्या संगणकाला एक नवा मॉनिटर आणि एक जुना १२८०×१०२४ चा व्हीजीए मॉनिटर लावला आहे. जुन्यावर १०२४×७६८ पेक्षा मोठे रिझोल्यूशन यादीतच येत नाही आणि अक्षरे फुगलेली दिसतात. (एक ग्रंथपाल, सांगली)

उत्तर : मॉनिटर आपली माप-माहिती एका छोट्या नोंदीच्या रूपात संगणकाला कळवत असतो. त्या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना या कामासाठी आहेत. स्वस्त किंवा झिजलेल्या केबलीत नेमक्या याच पिना तुटलेल्या असतात, किंवा मुळात बसवलेल्याच नसतात. मग माहिती न मिळाल्याने संगणक १०२४×७६८ हे सुरक्षित माप धरून चालतो. म्हणून आधी केबलचे टोक काढून पिना मोजाव्यात (क्रमांक ९ ची पिन पुष्कळ केबलींत नसते, ती नसली तरी चिंता नाही) आणि दुसरी केबल लावून पाहावी. सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी हे केले तर बहुतेक वेळा काम तिथेच संपते.

केबल बदलूनही फरक पडला नाही आणि संगणक एक्सऑर्गवर असेल, तर 'सीव्हीटी' या आज्ञेला १२८०, १०२४ आणि ६० हे तीन आकडे द्यावेत. ती त्या मापाची आकड्यांची एक ओळ तयार करून देते. ती ओळ 'एक्सरँडआर'च्या 'न्यूमोड' पर्यायाने नोंदवावी आणि 'ॲडमोड' पर्यायाने जुन्या मॉनिटरच्या नावाला जोडावी. ही नोंद संगणक बंद केला की पुसली जाते, तेव्हा दोन्ही आज्ञा एका छोट्या फाइलमध्ये लिहून ती 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये घालावी. हा मार्ग वेलँडवर चालत नाही.

प्रश्न : मी गोव्यातील एका शाळेत शिकवतो. लॅपटॉप १९२०×१२०० चा आहे आणि वर्गातील प्रोजेक्टर १०२४×७६८ चा. प्रोजेक्टर जोडला की लॅपटॉपवरचे चित्रही बिघडते. (एक शिक्षक, फोंडा)

उत्तर : आपण 'मिरर' म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र हा पर्याय वापरत असणार. त्यात दोन्ही पडद्यांना मान्य असे एकच रिझोल्यूशन घ्यावे लागते, म्हणून लॅपटॉपही १०२४×७६८ वर उतरतो. शिवाय प्रोजेक्टरचे प्रमाण ४:३ आहे आणि लॅपटॉपचे १६:१०, त्यामुळे चित्र ताणले तरी जाते किंवा दोन्ही बाजूंना काळे पट्टे तरी येतात. त्याऐवजी 'जॉइन' निवडावे, म्हणजे प्रत्येक पडदा आपापल्या रिझोल्यूशनवर राहील. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये 'स्लाइड शो'च्या सेटिंगमधून स्लाइड प्रोजेक्टरवर दाखवायला सांगावे, म्हणजे आपल्यासमोर लॅपटॉपवर पुढची स्लाइड, आपली टिपणे आणि घड्याळ दिसत राहते. स्लाइडचे माप आधीच ४:३ ठेवले तर फळ्यावरची सगळी जागा वापरली जाते आणि मागच्या बाकावरूनही वाचता येते. ग्नोम डेस्कटॉप (उबुंटूत नेहमी असतो तो) असेल तर सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि पी या कळा एकत्र दाबल्या की मिरर आणि जॉइन यांची अदलाबदल तिथल्या तिथे करता येते.